झोपमोडीचा नियम

हे मी गौरीलाही सांगितलेलं नाही. गौरी माझी बायको. तिला मी दाताचा डॉक्टर काय म्हणाला तेसुद्धा सगळं ऐकवतो, तिला नको असलं तरी. पण हे नाही. तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठी, की तुम्ही सलीलला ओळखत नाही. ओळखत असतात तर आत्तापर्यंत त्याच्या बाजूचे झाला असतात. सगळेच होतात. बघा — अजून मूळ गोष्टीला हातही घातला नाही आणि माझी धुसफूस सुरू झाली.

गोष्ट एका खेळाची आहे. हसायचं तर हसा. चाळिशीला टेकलेली माणसं रविवारी दुपारी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाभोवती बसून राक्षस मारतात, याला कोणीही हसेल. माझ्या सासूबाई त्याला अजून ‘तुमची ती भातुकली’ म्हणतात. खेळ असा, की प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं — कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो: समोर किल्ला आहे, दारात पहारा आहे, काय करता? बाकीचे सांगतात काय करतात ते, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. सूत्रधार स्वतःचे फासे पुठ्ठ्याच्या आड टाकतो, पुढे काय येणार ते इतरांना दिसू नये म्हणून. आमचा पुठ्ठा गौरीच्या एका साडीच्या खोक्याचा होता. सूत्रधार मी होतो.

म्हणजे पुठ्ठ्याआड काय पडलं ते फक्त मला दिसायचं. खेळ चालतो तो या एका विश्वासावर. सूत्रधार म्हणेल ते पडलं.

गौरी योद्धा होती, हातात कुऱ्हाड. माझ्या ऑफिसातला प्रसाद चोर. आणि सलील मांत्रिक. सलील आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी महिनाभर घोकलेलं पाठांतर धडाधड म्हणून दाखवलं होतं — एक शब्द चुकलो नाही. सलील मधेच विसरला, त्याने मनाने काहीतरी जोडून पुढे रेटलं, आणि बक्षीस त्याला. बाई म्हणाल्या, याच्यात उत्स्फूर्तता आहे. मला त्या शब्दाचा अर्थ घरी जाऊन विचारावा लागला. तेव्हापासून तो शब्द माझ्या घशात अडकलेला आहे.

खेळातल्या मांत्रिकाची गंमत तुम्हाला सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्याच्याकडे मंत्र मोजकेच असतात. एक वापरला की एक संपला. मग रात्रभर झोप झाली की सगळे परत येतात. योद्ध्याचं तसं नाही. त्याची कुऱ्हाड सकाळी चालते तशीच संध्याकाळीही चालते. इंग्रजी नियमांतले शब्द आम्ही केव्हाच टाकून दिले होते. लढाईनंतर घटकाभर टेकणं म्हणजे ‘वामकुक्षी’ — तेवढ्यात जखमा जरा भरतात, मंत्र मात्र येत नाहीत. रात्रभर झोपणं म्हणजे ‘मुक्काम’. हे दोन्ही शब्द सलीलचे. चांगले शब्द त्यालाच सुचायचे, मला सगळे उठून गेल्यावर सुचायचे. त्याच्या आईने पूर्वी कधीतरी फोडलेल्या चिंचेतले चिंचोके तो धुऊन घेऊन आला होता. जितके मंत्र तितके चिंचोके समोर मांडून बसायचा. मंत्र टाकला की चिंचोका वाटीत. मुक्काम झाला की वाटी पालथी, आणि सगळे चिंचोके परत त्याच्यासमोर. त्या वाटीचा आवाज झाला की टेबल खुश व्हायचं. मी सोडून.

आता यात एक खरी अडचण आहे. माझी नव्हे, खेळाचीच. प्रत्येक लढाईनंतर मंडळी मुक्काम करायला लागली, तर मांत्रिक दर वेळी भरल्या हाताने उतरतो आणि योद्धा नुसता शोभेला उरतो. लढाया लागोपाठ आल्या, झोप मिळाली नाही, तर मांत्रिकाला मंत्र जपून वापरावे लागतात आणि योद्ध्याच्या अंगाला काम मिळतं. समतोल राखायचा तो सूत्रधाराने, झोप सैल सोडायची की आवळायची ते ठरवून. हे खेळणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणजे मी जे केलं त्याला कारण होतं. चांगलं, पटण्यासारखं कारण होतं. मला तेच हवं होतं, दुसरं काय?

खरं कारण सांगतो. मी एक दलदलीची राणी रचली होती. कित्येक संध्याकाळी खपून. तिचं राज्य, तिचा भूतकाळ, ती पहिल्यांदा समोर येईल तेव्हा करील ते भाषण — आरशासमोर म्हणून पाहिलं होतं मी ते भाषण. ती आली. पहिलं वाक्य सुरू झालं. अर्ध्यावर सलीलने निद्रामंत्र टाकला आणि फासा त्याच्या बाजूने पडला. राणी जागच्या जागी घोरायला लागली. ‘चला, मुक्काम,’ सलील म्हणाला, ‘बाईंच्या शेजारीच टाकू पथारी.’ गौरी इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. माझ्या विनोदांना ती हसते ते ओळखीचा माणूस रस्त्यात दिसला की मान हलवतो तेवढंच. आमच्याकडे अजूनही कोणी डुलकी काढली की ‘राणी घोरली’ म्हणतात. त्या भाषणाचं पुढचं वाक्य कुणी कधी विचारलं नाही.

मी जळत होतो. उगाच मवाळ शब्द कशाला शोधू? जळत होतो.

आणि कुणावर? ते ऐका. त्याचे वडील आधीच गेलेले. मग आईला अर्धांगवायूचा झटका आला. सलीलने नोकरी सोडली आणि घरून मिळेल ते भाषांतराचं काम करायला लागला. लग्न राहिलंच. मी तेव्हा बढती घेतली, फ्लॅट घेतला, गाडी घेतली. त्याची बातमी कळली तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? ‘बरं झालं’ असं नाही आलं, एवढा नीच मी नाही. पण त्याच्या शेजारचंच काहीतरी आलं. आता तरी मी पुढे जाईन, असं आलं. आणि गेलोही होतो. सोमवारपासून शनिवारपर्यंत मीच पुढे होतो. रविवारी कामाच्या मावशी त्याच्या आईजवळ दुपारभर थांबायच्या, तेवढा वेळ तो आमच्याकडे यायचा, चिंचोके मांडायचा — आणि परत तो पुढे. त्याच्या हातात आठवड्याची तेवढी एक दुपार होती. मला तीही त्याच्याकडे असलेली बघवेना.

एकदा खेळ झाल्यावर आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायला उभे होतो. त्याने सहज सांगितलं, सहज नसतंच ते, पण त्याने तसं दाखवलं. म्हणाला, रात्री झोप अशी लागतच नाही रे. आई हाक मारते. उठून गेलो की म्हणते, ‘काही नाही, आहेस का बघत होते.’ परत पडलो की परत हाक. मग म्हणाला, ‘मंद्या, कुणाला बोलू नकोस. लोक उगाच कीव करतात.’ मी म्हणालो, नाही बोलणार. आणि खरंच बोललो नाही. कुणालाही नाही. मी दिलेला शब्द पाळला असं कागदोपत्री म्हणता येईल.

त्याच सुमाराला गौरी एकदा ताटं घासता घासता म्हणाली, ‘सलीलच्या मांत्रिकामुळे माझ्या कुऱ्हाडवाल्या बाईला काही कामच उरत नाही बघ.’ ती हसत म्हणाली होती. बोलून विसरलीसुद्धा. मला तेवढं पुरलं. पुढच्या रविवारी मी टेबलावर गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की मुक्काम फार होतायत, समतोल बिघडलाय, सगळ्यांचं म्हणणं आहे. कोण सगळे? प्रसादला तर चकल्यांशिवाय कशाचंच म्हणणं नसायचं. नवा नियम असा: मुक्कामाला सूत्रधार पुठ्ठ्याआड एक फासा टाकणार. एक पडला तर रात्री काहीतरी येणार, झोप मोडणार, आणि मोडलेल्या झोपेतून मंत्र परत येणार नाहीत. दुसरं काहीही पडलं तर सुखाने झोपा.

सलील भांडेल असं वाटलं होतं. भांडायला हवा होता. तो म्हणाला, ‘बरोबर आहे. मांत्रिक फार माजलाय.’ आणि वर नाव सुचवलं — झोपमोड. माझ्या नियमाला नावही त्याचंच.

नियम चुकीचा नव्हता. आजही मी तो नियम कुणापुढेही मांडीन आणि निभावून नेईन. वाईट झालं ते त्याच्यानंतर.

सुरुवातीला मी फासा खरा टाकला. चार पडले. पुढे सहा. मग परत चार. वाटी पालथी होत राहिली. त्या प्लॅस्टिकच्या फाशालासुद्धा तोच आवडत होता. मग एका रविवारी तीन पडले आणि मी म्हणालो, ‘एक.’ — किती सोपं होतं. कुणी मान उंचावून बघितलंसुद्धा नाही. लांडगे आणले. पुढे पूर आणला, पुढे तंबूला आग लावली. गौरीची योद्धा तळपायला लागली आणि सलील नुसती काठी धरून बसायला लागला. त्यात वाईट असं की तो तरीही आवडायचा. मंत्र नाहीत म्हणून तो लांडग्यांशी घासाघीस करायचा — मंडईत भाजीवाल्याशी करावी तशी — आणि टेबल हसून लोळायचं. मी त्याचे चिंचोके काढून घेतले होते, आणि त्याला चिंचोके लागतच नव्हते. आता अजून काय काढून घ्यायचं माणसाचं?

इथे मी बराच वेळ थांबलो होतो. पुढचं लिहिताना.

त्या रविवारी तो आला तो डोळे लाल, शर्टाची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली. बसता बसता म्हणाला, ‘आज लढाया कमी ठेव रे, मुक्काम जास्त. इथे तरी झोपतो.’ सगळे हसले. मीही हसलो. लढाई मी मोठीच ठेवली. गौरीची योद्धा त्यात मरायला टेकली होती, तिला वाचवायला सलीलने एकूण एक मंत्र खर्ची घातला. समोर एक चिंचोका उरला नाही. मग मुक्काम पडला. मला त्याचा हात अजून दिसतो. वाटीवर ठेवलेला, ती पालथी करायच्या तयारीत.

मी फासा टाकला. पाहिला. एक नव्हता.

आणि मी माझ्या सूत्रधाराच्या आवाजात सांगितलं — मांत्रिकाला झोप लागते. एवढ्यात बाहेरून एक म्हातारी बाई त्याला हाक मारते. तो उठून बाहेर जातो. विचारतो, काय झालं? अंधारातून आवाज येतो, ‘काही नाही. आहेस का बघत होते.’ तो परत येऊन पडतो. परत हाक येते.

शब्द तसेच्या तसे. मी पाठांतरात पहिल्यापासून पक्का.

तोंडातून निघून गेलं असं म्हणू? तसं नव्हतं. आधीच्या बुधवारी ऑफिसच्या बसमध्ये बसून मी ते ठरवलं होतं. तेव्हा मला ते फार छान सुचलेलं वाटलं होतं. उत्स्फूर्त.

गौरीने दंडावर हात चोळले. म्हणाली, ‘काटा आला रे अंगावर. हे किती छान होतं.’ प्रसाद चकली हातात धरून बसून राहिला. इतक्या वर्षांत माझ्या गोष्टीला अशी दाद पहिल्यांदा मिळाली, आणि मला — हे लपवण्यात अर्थ नाही — मला आनंद झाला. आधी आनंद झाला. मग मी सलीलकडे बघितलं.

तो माझ्याकडेच बघत होता. रागाने नाही. आपण ओळखतो तोच हा माणूस ना, असं बघतात तसं. मग त्याने वाटीवरचा हात काढून घेतला. म्हणाला, ‘मांत्रिक उठून बसतो. रात्रभर बसून राहतो.’ आणि पुढे खेळला, शेवटपर्यंत. नेहमीसारखे सगळ्यांचे कप उचलून मोरीत नेऊन ठेवले. दारात गौरीला म्हणाला, पोहे मस्त होते. मग चपला घालून जिना उतरला.

पुढच्या रविवारी त्याचा निरोप आला, आईला बरं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तोच. मग निरोप यायचे थांबले. तो परत आला नाही. गौरीला वाटलं, आईचं वाढलं असेल. ती मला सारखी म्हणायची, अरे, एकदा जाऊन ये ना त्याच्याकडे, बिचारा अडकून पडलाय. मी म्हणायचो, हो, जातो. करून सवरून नामानिराळा. त्याची चिंचोक्यांची वाटी राहिली ती आमच्याकडेच. गौरीने ती देवाच्या कपाटात ठेवली, येईल तेव्हा देऊ म्हणून. खेळ त्यानंतर काही महिनेच चालला. मांत्रिक नाही म्हणून झोपमोडीचा नियमही लागला नाही.

त्याची आई पुढे काही वर्षांनी गेली. आम्ही भेटायला गेलो. गौरी रडली. मी म्हणालो, सुटल्या बिचाऱ्या. सलीलने ‘हो’ म्हटलं आणि पाणी आणायला आत गेला.

गेल्या हिवाळ्यात तो मंडईत भेटला. मटार घेत होता, एकेक शेंग दाबून बघत. केस पिकलेत. गौरी कशी आहे विचारलं, प्रसाद कुठे असतो विचारलं. मी काहीबाही बोलत राहिलो, गाडी लांब लावलीय वगैरे. तो म्हणाला, आता झोपायला काही अडचण नाही, पण जाग येते. कोणी हाक मारली नाही म्हणून येते. तेही त्याने सहज म्हटलं. मग शेंगा निवडता निवडता, माझ्याकडे न बघता, त्याने विचारलं —

‘त्या दिवशी फाशावर किती पडले होते रे, मंद्या?’

कुठला दिवस, हे त्याला सांगावं लागलं नाही आणि मलाही विचारावं लागलं नाही. इतक्या वर्षांनी त्याने दार उघडून धरलं होतं. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. भोवती सगळी मंडई ओरडत होती, कोणी ऐकत नव्हतं. पुठ्ठाही मधे नव्हता.

मी म्हणालो, ‘एक.’

‘हं,’ सलील म्हणाला. ‘मग काय. नियम तो नियम.’ त्याने पिशवी भाजीवालीपुढे धरली, तिने मटार ओतले, आणि तो मला मान हलवून गर्दीतून पलीकडे गेला.

पाच पडले होते.